रेव्हेन्यूला मराठीत नेमकं काय म्हणायचं? महसूल, उत्पन्न, उलाढाल, मिळकत… कुठे काय?

शाईची_बाटली

नमस्कार मंडळी, एका शब्दावर तीन दिवस अडकलेय म्हणून इथे विचारते. मी भाषांतराचं काम करते, एरवी आरोग्य, शेती असलं लिखाण असतं, या वेळी पहिल्यांदाच एका कंपनीचा वार्षिक अहवाल हातात आलाय आणि त्यात जवळपास प्रत्येक पानावर रेव्हेन्यू आहे. मी आधी सरळ 'उत्पन्न' लिहीत गेले, इन्कम आलं तिथेही 'उत्पन्न', कारण हात आपोआप तिकडेच जातो. मग नफातोट्याचं पत्रक झाल्यावर एकदा वरून खाली वाचलं तर पहिल्या ओळीत उत्पन्न, त्याखाली इतर उत्पन्न, मग एकूण उत्पन्न, मग खर्चाची लांबलचक यादी आणि तळाला निव्वळ उत्पन्न. वाचणाऱ्याने यातलं कंपनीचं खरं उत्पन्न कुठलं समजायचं?

मग फाइलमध्ये एका झटक्यात 'उत्पन्न'चं 'महसूल' केलं. तर 'महसूल वाढलं', 'गेल्या वर्षीचं महसूल', 'महसूलाची' अशी वाक्यं झाली, ती एकेक करून सुधारत बसले. एवढं करून मैत्रिणीला दाखवलं तर ती म्हणाली अगं महसूल सरकारचा असतो, कंपनीचा कसा असेल, वाचून वाटतंय की कंपनी शेतसारा गोळा करते.

तर प्रश्न असा की रेव्हेन्यूचा नेमका अर्थ काय, तो इन्कमपेक्षा वेगळा कसा, आणि मराठीत एकच शब्द सगळीकडे चालेल का? टर्नओव्हर, रिसीट्स, अर्निंग्ज, प्रोसीड्स हेही शब्द अहवालात आहेत, त्यांचं काय करायचं तेही सांगा. सरळ 'रेव्हेन्यू' लिहून मोकळं व्हा असं कृपया सांगू नका, तो मार्ग मलाही माहितीये, पण हा अहवाल इंग्रजी न येणाऱ्या भागधारकांनीही वाचावा म्हणून तर मराठीत होतोय.

धातुपाठ

शाईताई, प्रश्न फार आवडला. हिशोबाचं कोणीतरी जाणकार सांगेलच, मी फक्त शब्द कुठून आले ते सांगतो कारण त्यात एक सुंदर योगायोग आहे.

रेव्हेन्यू इंग्रजीत फ्रेंचमधून आला. फ्रेंचमध्ये 'रव्हनीर' म्हणजे परत येणे, त्याच्या मागे लॅटिन, आणि त्या क्रियापदाचं भूतकाळी विशेषण म्हणजे 'परत आलेलं'. जमिनीत किंवा धंद्यात जे घातलं त्यातून मालकाकडे परत आलं ते. अ‍ॅव्हेन्यू हा शब्दही याच घरातला, त्यातही 'येणं'च आहे.

आता महसूल बघा. अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला, आणि अरबीत त्याचा साचा 'जे केलं गेलं' असा कर्मणी आहे, म्हणजे 'हाती लागलेलं, गोळा झालेलं'. अरबीत आजही पिकाला महसूल म्हणतात, तुर्कीतही. याच धातूपासून 'हासिल' झाला आणि मराठीत त्याचा 'हशील'. 'आता बोलून काय हशील?' यातला हशील आणि महसूल सख्खे भाऊ. जुन्या पुस्तकांच्या जाहिरातीत किमतीपुढे 'टपालहशील वेगळे' असं छापलेलं असायचं, तिथे तो आकार म्हणजे घेतलेले पैसे या अर्थाने आहे.

आणि उत्पन्न? संस्कृतात तेही मुळात नाम नाही, विशेषणच, उद् अधिक पद्, 'वर आलेलं, उगवलेलं'. आपण अजूनही 'प्रश्न उत्पन्न झाला' म्हणतो की. म्हणजे तीन वेगवेगळ्या भाषांनी एकाच तऱ्हेने नाव ठेवलंय, परत आलेलं, हाती लागलेलं, उगवलेलं. तिन्ही ठिकाणी आधी शेत आणि मग पैसा.

'आय' मध्येही येणंच आहे, आ अधिक इ, आणि 'व्यय' म्हणजे निघून जाणं. 'आवक' तर उघडच आहे. 'वसूल' मात्र महसुलाचा नातेवाईक वाटतो तसा नाही, तो अरबीतल्या दुसऱ्या धातूचा, पोचणे या अर्थाचा. पैसे पोचले म्हणजे वसूल झाले.

जाता जाता, 'महसूलाचा' नाही, 'महसुलाचा', 'महसुली'. सामान्यरूप होताना सू ऱ्हस्व होतो.

वहीखातं

धातुपाठ, हशीलचं माहीत नव्हतं, मस्त वाटलं वाचून.

शाईताई, मी वीस वर्षं हिशोबाच्याच कामात आहे आणि लोक हा शब्द कसा वापरतात ते रोज बघतो, त्यामुळे जरा लांब लिहिणार आहे.

पहिली गोष्ट, रेव्हेन्यू म्हणजे हातात आलेले पैसे नाहीत. इथेच सगळे घसरतात. समजा एखाद्याने वर्षभराच्या सेवेचे १२०० आधीच घेतले. पैसे खात्यात आले, दिसतायत, पण पहिला महिना संपल्यावर त्याचा रेव्हेन्यू १०० च. उरलेले ११०० हे देणं आहे, कारण अकरा महिन्यांची सेवा अजून द्यायची बाकी आहे. ताळेबंदात ते देण्यांच्या बाजूला बसतात आणि दर महिन्याला १०० तिकडून उठून इकडे येतात. उलटही होतं. माल पोचवला, बिल दिलं, पैसे तीन महिन्यांनी येणार, तरी रेव्हेन्यू आजचाच, हातात छदाम नसला तरी, आणि ती रक्कम येणे बाकी म्हणून लिहायची. म्हणून रोखीला रेव्हेन्यू म्हणू नका, तिला जमा किंवा आवक म्हणा, आणि रिसीट्सला तुमच्या अहवालात 'जमा रकमा' हे बरोबर बसेल.

दुसरी गोष्ट, आलेला प्रत्येक पैसा रेव्हेन्यू नसतो. कर्ज घेतलं, रेव्हेन्यू नाही, कारण परत द्यायचंय. मालकाने स्वतःचे घातले, तेही नाही, ते भांडवल. ग्राहकाकडून विक्रीवरचा कर घेतला तो सरकारच्या वतीने घेतला, तोही नाही, तो फक्त हातातून पुढे जातो. कारखान्याने जुनं यंत्र पुस्तकी किमतीपेक्षा, म्हणजे हिशोबाच्या वहीत त्याची जी किंमत उरलीये तिच्यापेक्षा, जास्तीला विकलं तर वरचे पैसे फायदा आहेत, कंपनीचं इन्कम आहेत, पण रेव्हेन्यू नाही, कारण यंत्रं विकणं हा तिचा नेहमीचा धंदा नाही. तेच यंत्र यंत्रं विकणाऱ्या कंपनीने विकलं तर अख्खी विक्री रेव्हेन्यू. वस्तू तीच, रक्कम तीच, फक्त विकणारा बदलला की खातं बदलतं.

आता तुमच्या मूळ गोंधळावर येतो. आंतरराष्ट्रीय मानकात इन्कम हा मोठा शब्द आहे आणि रेव्हेन्यू त्याचा एक भाग, नेहमीच्या कामकाजातून येणारा. बाकीचे फायदे वगैरे मिळून इन्कम पुरं होतं. पण अमेरिकी सवयीत 'नेट इन्कम' म्हणजे सगळा खर्च, कर वजा जाऊन तळाला उरतो तो नफा. म्हणजे इंग्रजीतच इन्कम हा शब्द एकदा वर येतो आणि एकदा तळाला. तुमचं पत्रक विचित्र दिसलं त्यात तुमची चूक नाही, मूळ शब्दच दोन कामं करतोय. मराठीत तो गोंधळ उचलून आणायचं कारण नाही. तळाच्या ओळीला डोळे झाकून 'निव्वळ नफा' लिहा, निम्मा प्रश्न तिथेच मिटला.

तिसरी गोष्ट, ही अलीकडे फार महत्त्वाची झालीये. समजा एका संकेतस्थळावर दुसऱ्यांचा माल विकला जातो, गिऱ्हाइकाने १००० भरले, संकेतस्थळाने १०० दलाली कापून ९०० मालवाल्याला दिले. संकेतस्थळाचा रेव्हेन्यू किती? १००. कारण माल त्याच्या ताब्यात नव्हता, भाव त्याने ठरवला नव्हता, तो मधला माणूस होता. पण तोच माल आधी स्वतः विकत घेऊन, न खपण्याची जोखीम अंगावर घेऊन विकला असता तर १००० रेव्हेन्यू आणि ९०० खर्च. नफा दोन्हीकडे १०० च, पण वरची ओळ दहापट. म्हणून 'अमुक कंपनीची एवढी विक्री झाली' वाचलं की मी आधी बघतो की ती मालाची मालक आहे की दलाल.

रेव्हेन्यू कधी आणि किती धरायचा हे ज्या मानकात आहे ते आयएफआरएस १५, हिशोबाच्या आंतरराष्ट्रीय मानकांपैकी एक. मे २०१४ मध्ये आलं, १ जानेवारी २०१८ पासून लागू झालं, आणि अमेरिकेतल्या मानक मंडळाबरोबर मिळूनच तयार केलं होतं. त्यात पाच पायऱ्या आहेत. करार कुठला ते बघा, त्यात काय काय देण्याचं कबूल केलंय ते वेगळं काढा, एकूण किंमत ठरवा, ती त्या एकेका कबुलीवर वाटून टाका, आणि जी कबुली पुरी होईल तिचाच रेव्हेन्यू धरा. सूट, परत येऊ शकणारा माल हेही अंदाजाने वजा करूनच धरायचं. मला विचाराल तर रेव्हेन्यूचा खरा अर्थ 'दिलेला शब्द पाळून कमावलेली रक्कम' असा आहे, मिळालेली नाही, कमावलेली.

आता शब्द. वरच्या ओळीला मी 'कामकाजातून मिळालेला महसूल' किंवा 'कामकाजातील उत्पन्न' यातलं काहीही मान्य करीन, पण एकच धरा आणि शेवटपर्यंत बदलू नका.

डेस्कवरून

वहीखातं यांचं पटलं. मैत्रिणीच्या आक्षेपावर बोलते, मी बातम्यांच्या डेस्कवर काम करते आणि आमच्याकडे कंपन्यांच्या तिमाही निकालात 'महसूल' कधीचाच रुळलाय. 'कंपनीचा महसूल वाढला, नफा घटला' हे वाक्य आता कोणाला खटकत नाही. हां, नुसतं 'महसूल बुडाला' म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यापुढे सरकारच उभं राहतं हे खरंय, त्यामुळे पहिल्यांदा येईल तिथे 'कंपनीचा महसूल' असं पूर्ण लिहायचं, मग पुढे नुसता चालतो.

खरी डोकेदुखी 'कमाई' आणि 'उलाढाल' यांची आहे. चित्रपटाची अमुक कोटींची कमाई झाली असं सर्रास लिहिलं जातं. तो आकडा तिकीटबारीवरचा गल्ला असतो, त्यातून कर जातो, चित्रपटगृहाचा वाटा जातो, वितरकाचा जातो, निर्मात्याच्या हाती उरतं ते वेगळंच. कमाई म्हटलं की लोकांना वाटतं एवढे खिशात आले. मी तिथे आवर्जून 'गल्ला' लिहिते. किती नेमका शब्द आहे तो, दिवसभरात पेटीत पडलेले एकूण पैसे, कोणाचा वाटा किती ते नंतर. इंग्रजीतल्या टेकिंग्जला याहून चांगला शब्द शोधूनही मिळणार नाही.

उलाढालीत तर तीन अर्थ एकत्र राहतात. एक, ब्रिटिश इंग्रजीतला टर्नओव्हर, म्हणजे वर्षभराची विक्री, जवळपास रेव्हेन्यूच. दोन, शेअर बाजारातली दिवसाची उलाढाल, ती बाजारात किती किमतीचे व्यवहार झाले ते सांगते, बाजार चालवणाऱ्या कंपनीचा तो रेव्हेन्यू मुळीच नाही, वर दलालीचं सांगितलं तसंच. आणि तीन, 'फार उलाढाल्या करतो तो' यातली, तिचा पैशाशी संबंध असेलच असं नाही. शिवाय टर्नओव्हर म्हणजे किती लोक नोकरी सोडून गेले हाही अर्थ आहे, तुमच्या अहवालात कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात तो येईल, तिथे चुकून उलाढाल लिहू नका, सरळ 'नोकरी सोडण्याचं प्रमाण' लिहा.

मिळकत अजिबात नको. शब्द 'मिळणे'वरूनच आहे पण मिळकत म्हटलं की मराठी माणूस घर, जमीन समजतो.

सीमांत

अर्थशास्त्र शिकवतो म्हणून थोडी भर. आमच्या विषयात रेव्हेन्यूला मराठी पुस्तकात 'प्राप्ती' म्हणतात, एकूण प्राप्ती, सरासरी प्राप्ती, सीमांत प्राप्ती. मुलं पहिल्या दिवशी विचारतात की सर हा नफा का? नाही, प्राप्ती म्हणजे किंमत गुणिले नग, खर्च अजून विचारातच घेतलेला नाही.

पण सीमांत प्राप्ती, म्हणजे आणखी एक नग विकल्याने एकूण प्राप्तीत पडणारा फरक, समजली की या शब्दाबद्दलची एक मोठी गैरसमजूत जाते, की जास्त विकलं म्हणजे जास्त आलं. फळ्यावर मी हे लिहितो. १० किमतीला ५ नग जातात, प्राप्ती ५०. सहावा खपवायचा तर किंमत ९ करावी लागते, आणि ती सगळ्यांसाठीच ९ होते, म्हणून ५४. सहाव्या नगाने ९ नाही आणले, ४ च आणले, कारण आधीच्या पाच जणांना प्रत्येकी १ सोडावा लागला. ८ ला ७ नग, ५६. ७ ला ८ नग, पुन्हा ५६, आठव्याने काहीच आणलं नाही. ६ ला ९ नग, ५४, म्हणजे नववा नग विकला आणि प्राप्ती कमी झाली. इथे एखादी मुलगी हमखास म्हणते, पण सर विक्री तर वाढली! हो, नग वाढले, प्राप्ती घटली. त्यामुळे शाईताई, 'विक्री वाढली' लिहिताना नगांची की रकमेची ते बघून लिहा, मराठीत विक्री हा शब्द दोन्हीला चालतो.

सरकारी अर्थकारणात 'महसुली' हे विशेषण वेगळंच काम करतं तेही सांगून ठेवतो. महसुली जमा आणि भांडवली जमा ही जोडी आहे. कर, दंड, शुल्क हे महसुली, कारण त्यामुळे सरकारवर देणं चढत नाही आणि सरकारची मालमत्ताही कमी होत नाही. कर्ज काढलं किंवा मालमत्ता विकली की ती भांडवली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या सरकारी आकडेवारीच्या पुस्तिकेतही, २०१४ ची आवृत्ती, व्यवहारामुळे निव्वळ संपत्ती वाढली तरच रेव्हेन्यू असं आहे. वहीखातं यांनी कर्जाबद्दल सांगितलं तीच कसोटी. कंपनी असो नाहीतर सरकार, उसने आणलेले पैसे कोणी कमाईत धरत नाही.

खर्चालाही हे विशेषण लागतं. महसुली खर्च म्हणजे रोजचा, ज्याचा उपयोग त्याच वर्षात संपतो, पगार, दुरुस्ती, वीज. इमारत बांधली तर भांडवली खर्च. तेव्हा रेव्हेन्यू एक्स्पेंडिचर दिसलं तर 'उत्पन्नाचा खर्च' करू नका, काहीच अर्थ लागणार नाही.

ओलीचिठ्ठी

मधेच घुसते. आमची छोटी सेवाभावी संस्था आहे, आमच्याकडे येणाऱ्या देणग्या रेव्हेन्यू की नाही? आणि ज्या देणगीला 'फक्त ग्रंथालयासाठी' अशी अट असते तिचं काय? आमच्यात यावरून दर वर्षी वाद होतो.

वहीखातं

देणगी भांडवल म्हणून, म्हणजे मूळ निधीत टाकायला दिली नसेल तर उत्पन्नच, तिला 'महसूल' म्हणायला मात्र माझीही जीभ वळत नाही, 'देणग्यांपासून उत्पन्न' छान वाटतं. अट असलेली वेगळी दाखवा, ती कधी उत्पन्नात घ्यायची ते तुम्हाला कुठला नियम लागू आहे त्यावर आहे, तुमच्या लेखापरीक्षकांना अटीचं पत्र दाखवून विचारा. पत्र दाखवाच, तोंडी सांगून उपयोग नाही.

धातुपाठ

एक राहिलं. फ्रेंचांनी जगाला रेव्हेन्यू दिला खरा पण त्यांच्याकडे तो शब्द आज माणसाच्या उत्पन्नाला जास्त वापरतात, प्राप्तिकराच्या नावात तोच आहे. कंपनीच्या विक्रीला ते 'शिफ्र दाफेर' म्हणतात, शब्दशः धंद्याचा आकडा. म्हणजे ज्यांचा शब्द त्यांनीही एकाच शब्दावर दोन्ही ओझी टाकली नाहीत, मग मराठीत जागा बघून दोन शब्द वापरले तर त्यात कमीपणा काय?

शाईची_बाटली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री पुन्हा पहिल्यापासून बसले. आता असं केलंय: वरची ओळ 'कामकाजातून मिळालेला महसूल', त्याखाली 'इतर उत्पन्न', मग 'एकूण उत्पन्न', आणि तळाला 'निव्वळ नफा'. म्हणजे महसूल हा उत्पन्नाचा भाग हे वाचतानाच कळतं. रिसीट्स 'जमा रकमा', नोकरी सोडण्याचं प्रमाण डेस्कवरून यांनी सांगितलं तसं, आणि एका ठिकाणी रेव्हेन्यू एक्स्पेंडिचर खरंच होतं, तिथे मी 'उत्पन्नाचा खर्च'च लिहिलं होतं! वाचलं नसतं तर तसंच छापून गेलं असतं. वर्षाची वर्गणी आगाऊ घेतल्याची एक टीपही आहे, डेफर्ड रेव्हेन्यू म्हणून, ती मी 'लांबवलेला महसूल' अशी केली होती. आता १२०० चं उदाहरण वाचल्यावर ते बरोबर वाटत नाहीये. अर्निंग्ज आणि प्रोसीड्स अजून तसेच आहेत.

वहीखातं

नाहीच बरोबर, 'लांबवलेला' वाचून वाटेल की कोणीतरी पैसे द्यायला उशीर करतंय, आणि इथे तर पैसे आधीच आलेत. 'आगाऊ मिळालेली, अद्याप न कमावलेली रक्कम' असं लिहा, लांब झालं तरी चालेल, आणि ते देण्यांच्या रकान्यात आहे ना तेवढं बघून घ्या.

अर्निंग्ज पर शेअर असेल तर 'प्रति समभाग नफा', तिथे उत्पन्न किंवा कमाई नको कारण तो तळाचा आकडा भागिले समभाग असा काढतात. प्रोसीड्स म्हणजे एखादी ठरावीक वस्तू विकून किंवा कर्ज उभारून आलेली रक्कम, 'जमीन विक्रीतून आलेली रक्कम', 'कर्जातून आलेली रक्कम', प्रत्येक वेळी कशातून ते लिहायचं म्हणजे झालं.

शाईची_बाटली

देण्यांच्याच रकान्यात आहे, आत्ता बघितलं. बदलते लगेच.